कालप्रवासाच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या मनाला इतक्या का धरून ठेवतात?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवला. ऐतिहासिक कादंबरीचे वेड मात्र नोकरीहून जुने आहे. नववीत असताना करवीर नगर वाचन मंदिरातून वडिलांच्या नावावर आणलेली ‘स्वामी’ मी दोन रात्रींत संपवली होती, आणि थेऊरच्या प्रकरणापाशी आल्यावर घरातली माणसे जागी होऊ नयेत म्हणून तोंडात ओढणीचा बोळा धरून रडले होते. त्यानंतर हाती आलेली ऐतिहासिक कादंबरी मी सहसा सोडलेली नाही.

गेल्या दिवाळीत सुनेने मला डायना गॅबाल्डन यांची ‘आउटलँडर’ ही १९९१ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली क्लेअर नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमध्ये सुट्टीवर जाते, तिथल्या प्राचीन उभ्या शिळांच्या वर्तुळातील एका शिळेला तिचा हात लागतो आणि ती थेट १७४३ सालात जाऊन पडते. पुढे तिथल्याच एका तरुणाशी, जेमीशी, तिचे लग्न होते. एवढे ऐकल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवणार होते. ‘इतिहासात जर-तरला जागा नसते’ हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही, आणि इथे तर सगळा डोलारा एका अशक्य गोष्टीवर उभा होता. तरीही मी ते जाडजूड पुस्तक संपवले, आणि संपल्यावर दोन दिवस मला स्वयंपाकघरातला गॅस पेटवतानासुद्धा चमत्कारिक वाटत होते, जणू मीच कुठूनतरी परत आले होते.

तेव्हापासून मी या प्रकारातील आणखी काही पुस्तके वाचली. त्यांतली काही सामान्य होती, तरी ओढ कमी झाली नाही. म्हणून जाणकारांना विचारते: साध्या ऐतिहासिक कादंबरीत जे मिळत नाही असे या कथांमध्ये नेमके काय मिळते? प्रेमकथाच हवी असेल तर ती आजच्या काळात घडू शकते आणि इतिहासच हवा असेल तर तो कालप्रवासाशिवायही सांगता येतो. मग हे दोन्ही एका अशक्य धाग्याने शिवल्यावर मन एवढे का गुंतावे? आणि इतिहासावर एवढे प्रेम करणाऱ्या आपल्या मराठीत अशी कादंबरी माझ्या वाचनात का आली नाही?

ग्रंथसंग्राहक, शाहूपुरी

ताई, ‘स्वामी’ वाचताना आपण जे रडलात त्यातच उत्तराचा मोठा भाग आहे, असे मला वाटते.

माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे पहिले पान उघडण्याआधीच आपल्याला ठाऊक असते. रमाबाई पूजा मांडत असतात, नवस बोलत असतात, आणि वाचक मात्र पुढचे सगळे जाणून काठावर उभा असतो. त्याला हाक मारता येत नाही, हात धरता येत नाही. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाची ही हतबलता मोठी असते, पण ती पुस्तकाबाहेरच राहते. पुस्तकातल्या कोणालाच तिची कल्पना नसते. कालप्रवासाची कथा हा बाहेर उभा असलेला वाचकच उचलून आत नेऊन ठेवते. क्लेअरचा नवरा इतिहासाचा अभ्यासक असल्यामुळे त्याच्या बोलण्यातून तिच्या कानावर पुष्कळ काही पडलेले असते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या, बंडखोरांचा तासाभरात धुव्वा उडणार आहे, हे तिला माहीत आहे. ज्यांच्या पंगतीत ती जेवते, ज्यांच्या जखमा बांधते, ती माणसे त्या माळाकडे चालली आहेत. आता ती काठावर नाही. ती बोलू शकते, आडवी पडू शकते, आणि तरीही इतिहास बदलेल की नाही हे तिला सांगता येत नाही. आपण थेऊरच्या पानांवर जे सोसलेत ते इथे नायिका आपल्या वतीने सोसते.

हे केवळ इतिहासाच्या कुतूहलाने साधत नाही, त्यासाठी प्रेमच लागते. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे पानिपत जिंकले अशा जगात एक प्राध्यापक जाऊन पोहोचतात. ती कथा मी कितीतरी जणांना आग्रहाने वाचायला दिली आहे. बखरीचे एक फाटके पान त्यांच्या हाती उरते, तो क्षण विलक्षण आहे. पण गंगाधरपंत तिथे ग्रंथालयात बसतात, ताडून पाहतात आणि परत येतात. त्या जगात त्यांचे जिवाचे कोणी झालेले नसते. त्यामुळे आपली बुद्धी थरारते आणि जीव मात्र कासावीस होत नाही. लेखकाला तिथे तेच हवे होते, म्हणून यात उणीव काढण्याचा माझा हेतू नाही. पण त्या जगात कोणी आपले माणूस असते, तर परतीची वाट हीच शिक्षा झाली असती.

मराठीबद्दल एक कल्पना बरेच दिवस मनात आहे, ती सांगतो. या कादंबऱ्यांतले अनुभवी लेखक नायक म्हणून सहसा प्रसिद्ध पुरुष घेत नाहीत. थोर माणसाच्या पलीकडे दुसऱ्या फळीतला, कागदपत्रांत ज्याचा माग लागत नाही असा कोणीतरी ते निवडतात. त्यामुळे इतिहासाला धक्का लागत नाही आणि त्या माणसाचे काय होणार हे वाचकालाही माहीत नसते. आता जुलै १६६० मधला पन्हाळा डोळ्यांसमोर आणा. सिद्दी जौहरचा वेढा, आषाढाचा पाऊस, एका पालखीत महाराज आणि दुसऱ्या पालखीत महाराजांचा वेष केलेले शिवा काशीद. ती दुसरी पालखी पकडली जाणार हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही सांगता येते. त्या पालखीला खांदा देण्यासाठी सांगावा आलेला एखादा तरुण भोई आहे, आणि त्याच्या घरात आपल्या काळातून गेलेली एक बाई त्याच्यासाठी भाकऱ्या बांधते आहे. तिला सगळे माहीत आहे. तिने त्याला थांबवले तर पालखी निघणार नाही, आणि पालखी निघाली नाही तर महाराज निसटणार नाहीत. तिने काय करावे? मला तरी याचे उत्तर सुचत नाही, आणि म्हणूनच ही कादंबरी कोणीतरी लिहावी असे मला मनापासून वाटते.

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण मला या पुस्तकाने बांधून ठेवले ते दुसऱ्याच जागी.

क्लेअर भूतकाळात गेल्यावर जेमीची आणि तिची पहिली भेट होते तेव्हा त्याचा खांदा निखळलेला असतो, आणि भोवतीचे पुरुष तो दांडगाईने बसवू पाहत असतात. ती त्यांना अडवते आणि स्वतः खांदा बसवते. मी अपघात विभागात वर्षानुवर्षे काम केले आहे. निखळलेला खांदा बसवताना घाई करून चालत नाही. हात कोपरात वाकवून सावकाश बाहेर वळवत न्यावा लागतो, रुग्णाचे आवळलेले स्नायू सैल पडेपर्यंत थांबावे लागते, आणि मग एकाएकी आतून ‘खट्’ असा जो आवाज येतो तो कानांपेक्षा तळहातालाच आधी कळतो. त्यानंतर रुग्णाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते ज्याने पाहिले आहे त्याला त्या दोघांमधला विश्वास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या मते या कथांची ओढ इथे आहे. मार्क ट्वेन यांच्या १८८९ सालच्या कादंबरीतला अमेरिकन कारागीर आर्थर राजाच्या दरबारात पोहोचतो, तेव्हा सूर्यग्रहणाची वेळ ठाऊक असल्याच्या बळावर तो सगळ्यांना धाक घालतो आणि पुढे राज्याचा कारभारच हातात घेतो. या प्रेमकथांमधली बाई मात्र चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत, जखमी माणसाच्या उशाशी आपले ज्ञान वापरते, आणि ते तिथे उपयोगी पडते. मी कितीदा विचार केला आहे की आपण पन्हाळ्याखालच्या एखाद्या वाडीत त्या काळी जाऊन पडलो तर आपल्याजवळ औषध म्हणून काय असेल? सलाईन नाही, इंजेक्शन नाही. पण उकळलेले पाणी, मीठ आणि गूळ तर तेव्हाही होते. हगवणीने सुकत चाललेले मूल एवढ्यावर वाचू शकते. बाळंतपणाआधी सुइणीने हात स्वच्छ धुवावेत, एवढेच पटवता आले तरी किती बाया जगल्या असत्या! युरोपातल्या डॉक्टरांनासुद्धा हे १८४७ साली व्हिएन्नातील डॉक्टर झेमेलवाइस यांनी सांगून लवकर पटले नव्हते. आज घराघरांत माहीत असलेली एवढीशी गोष्ट तिथे जीव वाचवते, हे वाचताना मला माझ्या सगळ्या नोकरीचे मोल नव्याने जाणवले. निवृत्तीनंतर ते जाणवणे मला फार हवे होते.

मोडीवाचक

मी मोडी कागदपत्रे वाचण्याचे काम करतो, त्यामुळे माझा विचार भाषेच्या अंगाने आहे.

आपल्याला वाटते की आपण शिवकाळात गेलो तर भाषेची अडचण येणार नाही, कारण तिथेही मराठीच आहे. प्रत्यक्षात आपली नायिका पहिल्याच दिवशी निरक्षर ठरेल. मोडी लिहिताना आधी ओळीची रेघ ओढून घेतात आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरे तिला लटकवत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसालाही सरावाशिवाय एक ओळ लागत नाही. त्यातच दप्तरी भाषेत फारसी शब्दांचा एवढा भरणा होता की त्यांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ पुढे महाराजांना करवून घ्यावा लागला.

आणि ‘हे कोणते साल आहे?’ या तिच्या पहिल्या प्रश्नाचे काय होईल? कोणी ‘सोळाशे साठ’ असे सांगणार नाही. एखादा जोशी म्हणेल, ‘शार्वरी संवत्सर’. संवत्सरांची नावे साठ वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे ती १६०० सालात आहे, १६६० मध्ये आहे की १७२० मध्ये, हे तिला कळणार नाही. शके १५८२ असे त्याने सांगितले तरच ७८ मिळवून तिला उलगडा होईल, आणि तोही तिला हा हिशेब ठाऊक असेल तर. हे मी अडचण म्हणून सांगत नाही. ताईंनी विचारले की साध्या ऐतिहासिक कादंबरीत काय मिळत नाही. तर हे मिळत नाही. त्या काळातल्या पात्राला संवत्सराचे, मोडीचे, अंधाराचे काहीच नवल नसते, म्हणून लेखकाला ते सांगण्याचे निमित्त उरत नाही आणि त्याला वर्णनाचे परिच्छेद वेगळे जोडावे लागतात. परकी बाई आली की प्रत्येक गोष्ट तिच्या अंगावर येते आणि तिच्याबरोबर आपल्याही. तिला सकाळी चहा मिळत नाही, आणि आमटीत टोमॅटो नसतो. हा सगळा इतिहासच आहे, फक्त तो तहानभुकेच्या वाटेने येतो. तिला पहिल्यांदा मोडी अक्षर गिरवायला शिकवणारा जो कोणी असेल त्याच्यावर तिचे प्रेम बसणे मला तरी अगदी स्वाभाविक वाटते.

राजारामपुरीतून

चर्चा मनापासून आवडली, तरीही एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

पन्हाळ्याखालच्या वाडीत परकी बाई आली तर तिला नाव विचारण्याआधी कूळ विचारतील. तिला कोणत्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे हे त्या उत्तरावर ठरेल. आपण सगळे कल्पना करताना त्या बाईला चुलीपाशी सहज नेऊन बसवतो, पण माझ्या आजीच्या आजीला त्या काळात कोणत्या चुलीपाशी बसता आले असते? भूतकाळात जाऊन प्रेमात पडण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी नाही. अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९७९ साली ‘किंड्रेड’ लिहिली, तिच्यात १९७६ सालातली एक कृष्णवर्णीय स्त्री गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये पुन्हापुन्हा ओढली जाते, आणि जो गोरा मालक तिचा पूर्वज आहे त्याचा जीव तिला वाचवावा लागतो, कारण तो मेला तर ती जन्मालाच येणार नाही. ती प्रेमकथा नाही. मात्र कालप्रवासाच्या प्रत्येक प्रेमकथेच्या शेजारी ती ठेवावी असे मला वाटते, कारण भूतकाळ अंगावर कसा उमटतो हे ती सांगते.

तरीसुद्धा मला अशी प्रेमकथा हवी आहे, आणि ती कोल्हापुरातच हवी आहे. मी काळ निवडायचा तर राजर्षी शाहू महाराजांचा निवडेन. १९०२ साली संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला आणि १९१९ साली आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार मिळाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत असत. आजची एखादी मुलगी, घरच्यांनी जातीवरून लग्न मोडलेली, त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली तर? शंभर वर्षे मागे गेल्यावर तिला कायदा आपल्या बाजूने सापडतो. ती मागे आली आहे की पुढे गेली आहे, हा प्रश्न तिला पडेल, आणि तो मलाही पडतो.

कीर्तनप्रेमी

थोडक्यात लिहितो. मराठीत अशी कादंबरी कमी असेल, पण कथा आपल्याला परकी नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन, तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गायन चालू असते म्हणून तो क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. त्याने मनात योजलेले वर, त्यांची मुले, नातवंडे, कोणीच उरलेले नसते. मग रेवतीचे लग्न बलरामाशी होते. विष्णुपुराणात तर असे आहे की आधीच्या युगातली असल्यामुळे ती फार उंच होती आणि बलरामाने नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या उंचीला आणले. कीर्तनात या जागी लोक हसतात. मला मात्र लहानपणापासून वाटत आले आहे की त्या क्षणी रेवतीला काय वाटले, हे कोणीच सांगत नाही.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवतीची गोष्ट वाचल्यावर मी बराच वेळ काही करू शकले नाही.

माझे लग्न १९८४ साली झाले. मी गडहिंग्लज तालुक्यातली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझे नवे नाव लिहिले, आणि भटजींनी सांगितल्यावर सगळ्यांनी ते मोठ्याने उच्चारले. ताट हलले तेव्हा तांदूळ थोडे घसरले आणि शेवटचे अक्षर बुजले, ते मला अजून दिसते. दुसऱ्या दिवसापासून त्या नावाने हाक आली की ‘ओ’ द्यायला मला एक क्षण उशीर होत असे. भाकरी कोणत्या हाताने थापायची इथपासून कोणासमोर बसायचे नाही इथपर्यंत सगळे नव्याने शिकायचे होते, चूक झाली तर हसे होत होते, आणि जे मला येत होते त्याची तिथे कोणाला गरज नव्हती. त्या अनोळखी घरात एकच माणूस असा होता की जो रात्री हळूच मला माझ्या जुन्या नावाने हाक मारत असे. तो आता नाही.

क्लेअरला त्या किल्ल्यात वावरताना पाहून मला जे आपलेपण वाटले ते स्कॉटलंडचे नव्हते, हे आपली उत्तरे वाचताना माझ्या ध्यानात आले. जिचे माहेर दोनशे वर्षे दूर आहे अशी ती सासुरवाशीण आहे. परत जाण्याची वाट समोर असताना, इथल्या एका माणसासाठी राहायचे की निघायचे, हे तिला स्वतः ठरवता येते. आम्हाला ते कोणी विचारले नव्हते. राजारामपुरीहून लिहिणाऱ्यांनी विचारलेला चुलीचा प्रश्न मी माझ्या वर्गात कधी विचारला नाही, याची मला खंत आहे. तो प्रश्न बाजूला ठेवून यापुढे मला काही लिहिता येणार नाही.

कारण मी लिहायला घेतले आहे. शाहूपुरीच्या ग्रंथसंग्राहकांनी सांगितलेला भोई मी घेतला आहे, आणि परिचारिकाताईंचे मीठ-गुळाचे पाणीही. नायिका पन्हाळ्यावरच्या अंधारबावेच्या पायऱ्या उतरते आणि वर येते तेव्हा पाऊस तोच असतो, गड मात्र वेगळा असतो. गडाखालच्या वाडीत एक म्हातारी तिला तिचे कूळ विचारते. तिला काय सांगावे ते सुचत नाही. मग म्हातारी विचारते, ‘बरं, माहेर तरी कुठलं गं तुझं?’ ती म्हणते, ‘कोल्हापूरचं.’ म्हातारी पावसाकडे बघत म्हणते, ‘मग काय, जवळच की.’ इथवर दोन पाने झाली आहेत. मोडीवाचकांना विनंती आहे की त्या काळच्या म्हातारीच्या तोंडी कोणते शब्द शोभतील हे त्यांनी मला सवडीने सांगावे.